घरातली जुनी लेन्स आणि बाजारातली नवी

प्रश्न : माझे आतोबा पूर्व आफ्रिकेत नोकरीला होते. तिकडून परतताना त्यांनी आणलेला लायका एम थ्री कॅमेरा आत्याच्या पश्चात माझ्याकडे आला. त्यावर ५० मिमीची, वापर नसताना आत ढकलून ठेवता येणारी समिक्रॉन लेन्स आहे. तिच्या तोंडावर एक पिवळा फिल्टर घट्ट बसलेला आहे आणि सगळा संसार चामड्याच्या कव्हरात आहे. मी शाळेतून निवृत्त झाले आहे. घरची माणसे, दांडिया बाजाराकडचे जुने वाडे आणि सणवार कृष्णधवल रोलवर टिपावेत एवढीच हौस आहे. ४०० आयएसओचे दोन रोल काढून पाहिले. वाड्याच्या चौकातले फोटो मनासारखे आले, पण उत्तरायणाला दुपारी गच्चीवर काढलेले सगळे पांढुरके, दुधात बुडवून काढल्यासारखे निघाले. पुण्याचा भाचा म्हणतो, जुनी लेन्स विकून टाक आणि फोइग्टलेंडरची किंवा झाइसची नवी घे, जमल्यास ३५ मिमीची, म्हणजे जास्त दृश्य मावणारी. फाइन आर्ट्सला शिकलेली माझी मैत्रीण म्हणते, जुन्या काचेचा तो ‘ग्लो’ नव्या लेन्समध्ये येत नाही. घ्यायचीच तर १९५६ पासून निघालेली, आत न जाणारी समिक्रॉन जपानहून मागव. माझ्याकडे एकाच लेन्सपुरते पैसे आहेत. काय करावे?
— एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर :

स. न. वि. वि.

आपले पत्र वाचताना माझे लक्ष लेन्सच्या आधी त्या घट्ट बसलेल्या पिवळ्या फिल्टरकडे गेले, आणि पत्र पुन्हा वाचले तेव्हाही तिथेच अडले. आपण विचारता आहात जुनी लेन्स की नवी. पण आपल्या हातातली लेन्स जुनी असल्यामुळे फोटो पांढुरके आले की ती आजारी असल्यामुळे, हे अजून कोणी तपासलेलेच नाही. ते तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तपासून झाल्यावरही माझा कल कुठे आहे तो आधीच सांगून ठेवतो : घरात आलेली जुनी लेन्स ठेवावी, आणि बाजारातून घ्यायचीच झाली तर नवी घ्यावी.

आधी उत्तरायणाचे कोडे सोडवू. एम थ्रीचा सर्वांत जलद शटर वेग १/१००० आहे. ४०० आयएसओचा रोल आणि बडोद्याचे जानेवारीतले लख्ख ऊन असेल, तर त्या वेगालाही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक, एफ ११ च्या आसपास जाते (आकडा जितका मोठा, तितके भोक लहान). पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो असे धरले तरी एफ ८ च्या खाली आपण उतरला नसणार. आता ज्याला आपली मैत्रीण ग्लो म्हणते, तो जुन्या लेन्सच्या गोलीय दोषामुळे येतो : भिंगाच्या कडेकडून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत, त्यामुळे रेखीव प्रतिमेभोवती एक मऊ वलय पसरते. हा दोष ॲपर्चर पूर्ण उघडे असताना दिसतो आणि एफ ४, एफ ५.६ पर्यंत येताना जवळजवळ नाहीसा होतो, कारण कडेचे किरण ॲपर्चरच्या पाकळ्यांनी अडवलेले असतात. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या फोटोंत जे दूध पसरले आहे, ते त्या लेन्सचा स्वभाव असू शकत नाही. ते दुसरेच काही आहे, आणि ते एफ ११ लाही जात नाही, हेच त्याचे लक्षण.

ते निगेटिव्हवरही पडताळता येईल. खिडकीशी निगेटिव्ह धरून पाहा. फिल्मच्या दोन्ही कडांची, भोकांमधली पट्टी स्वच्छ असेल आणि फोटोच्या चौकटीत मात्र जिथे गडद सावली होती (पाण्याच्या टाकीखालचा भाग, जिन्याचे दार) तिथेही राखाडी धूर असेल, तर तो धूर लेन्समधून आलेला आहे. कडाही राखाडी असतील, तर दोष रोलचा किंवा डेव्हलप करणाऱ्याचा. मग लेन्सला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता तो फिल्टर. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर, कोटिंग नसेल तर, पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत फिरतो. तो परतलेला प्रकाश मागच्या-पुढच्या भिंगांवर आपटत राहतो आणि शेवटी फिल्मवर पातळ धुरासारखा पसरतो. आपल्या समिक्रॉनमध्ये ७ भिंगे ६ गटांत बसवलेली आहेत, म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग १२. नुसता हिशोब म्हणून पाहिले, तर कोटिंग अजिबात नसते तर या बारा पृष्ठभागांतून पलीकडे जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोहोचला असता. परावर्तन कमी करणारे कोटिंग झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधले आणि महायुद्धानंतर ते सर्रास झाले, त्यामुळे १९५३ साली बाजारात आलेल्या समिक्रॉनवर एकपदरी कोटिंग आहेच. ते प्रत्येक पृष्ठभागावरचे परावर्तन दीड टक्क्याच्या आत आणते, आणि मग तोच हिशोब ८३ टक्क्यांच्या वर जातो. १९७० नंतर रूढ झालेल्या बहुपदरी कोटिंगमुळे हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली येते. आठ पृष्ठभागांची आजची लेन्स त्यामुळे ९६ टक्के प्रकाश आरपार नेते. जुन्या आणि नव्या लेन्समधला, कृष्णधवल रोलवर आणि एफ ८ ला उघड्या डोळ्यांनी दिसणारा सर्वांत मोठा फरक मला विचाराल तर हाच आहे. धारदारपणाचा फरक त्या ॲपर्चरला इतका कमी उरतो की ४०० च्या रोलचे दाणे तो बऱ्याच अंशी गिळून टाकतात.

आतोबांच्या काळातला पिवळा फिल्टर बहुधा बिनकोटिंगचा असणार. तो लावला की लेन्सच्या अगदी तोंडावर दोन सपाट, उघडे पृष्ठभाग वाढतात, आणि त्यांवर कित्येक वर्षांचा तेलकट थर असतो तो वेगळाच. मकर संक्रांतीला आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून पतंगाकडे कॅमेरा उचलला, की सूर्य चौकटीत नसला तरी तो चौकटीच्या काठाशीच असतो. वर हूड, म्हणजे ऊन अडवणारी नळी, नसेल तर ऊन थेट त्या फिल्टरवर पडते. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यात, हा धूर डोळ्यांना आधीच दिसला असता. आपल्या एम थ्रीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो, आणि तिथे आकाश स्वच्छच दिसते. वाड्याच्या चौकात वरून येणारा मंद प्रकाश, सूर्य भिंतीआड. म्हणून तिथले फोटो चांगले आले.

फिल्टर काढताना पकड वापरू नका. स्वच्छ धुतलेल्या रबरी चपलेचा तळ फिल्टरच्या कडेवर सपाट टेकवून, हलका दाब देऊन डावीकडे फिरवा. सगळ्या बाजूंनी सारखी पकड मिळाली की अडकलेला आटा बहुधा सुटतो. दुसऱ्या हाताने लेन्सची आत जाणारी नळी धरू नका, मागचा पक्का भाग धरा. एवढे करून सुटला नाही, तर मेकॅनिककडे न्या. सुटला, तर ३९ मिमीचा साधा हूड घ्या. कोणताही चालेल, फक्त कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहताना तो चौकटीचा खालचा उजवा कोपरा किती खातो ते बघून घ्या.

फिल्टर सुटल्यावर लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा, ॲपर्चर एफ २ ला पूर्ण उघडा आणि खोलीत अंधार करून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च तिरपी धरून पुढून पाहा. समोरून सरळ नका पाहू, तिरकेच पाहा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण अशा उजेडात चांगल्या लेन्समध्येही धूळ दिसते. आठ-दहा ठिपके असतील तर विसरून जा, त्यांचा फोटोवर काही परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फुटत गेलेले धागे दिसले, तर ती बुरशी. भिंगाच्या कडेशी इंद्रधनुषी, माशाच्या खवल्यासारखी चकाकी दिसली, तर भिंगे चिकटवलेला थर सुटत चालला आहे. पुढच्या काचेवर बारीक, गोल गोल ओरखडे दिसतील, ते जवळजवळ नक्कीच असतील, कारण त्या समिक्रॉनच्या पुढच्या काचेवरचे कोटिंग मऊ असते आणि कित्येक मालकांनी ती धोतराच्या किंवा साडीच्या टोकाने पुसलेली असते. थोडे ओरखडे असतील तर काळजी नको. आणि शेवटी, ज्याचा मला दाट संशय आहे ते : आतल्या एखाद्या भिंगावर, विशेषतः ॲपर्चरच्या पाकळ्यांच्या आजूबाजूला, फुंकर मारल्यावर आरशावर उमटते तशी एकसारखी दुधी वाफ. तिला आम्ही हेझ म्हणतो. जुन्या ग्रीसमधला तेलाचा अंश वर्षानुवर्षे उडून काचेवर बसतो, त्यातून ती तयार होते.

ही हेझ असली तर आपल्या लेन्सवर उपचार होऊ शकतो. बुरशी असली आणि वरवरची असली, तरीही होऊ शकतो. मात्र तिने काच खाल्ली असेल तर डाग राहतात. चिकट थर सुटला असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. उपचार कोणाकडे करायचा, हे मात्र दहा वेळा विचारून ठरवा. माझी स्वतःची एक जुनी ५० मिमी लेन्स अशीच हेझसाठी मी एका मेकॅनिककडे दिली होती. नाव सांगण्यात अर्थ नाही. परत आली तेव्हा काच लखलखत होती, मी खूश. पहिल्या रोलनंतर कळले की त्याने हेझबरोबर कोटिंगही घासून काढले होते, आणि भिंगांमधली एक पातळ रिंग उलटी बसवली होती. त्यामुळे फोटोचा डावा भाग नेहमीच थोडा विरघळलेला येई. ती लेन्स आज माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते. तेव्हा देताना विचारा : लायकाची स्क्रूच्या आट्याची किंवा एम कॅमेऱ्यांची लेन्स यापूर्वी उघडली आहे का, आणि बसवल्यावर फोकस तपासून देणार का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला, तर लेन्स उचलून घरी यावे.

कारण रेंजफाइंडरची लेन्स एसएलआरच्या लेन्ससारखी एकटी नसते. तिची मागची कड कॅमेऱ्यातल्या एका छोट्या चाकाला ढकलते, आणि त्या ढकलण्यावर खिडकीतली दोन चित्रे एकमेकांवर येतात. भिंगे थोडी जरी पुढे-मागे झाली, तरी खिडकी म्हणते फोकस झाला आणि फिल्म म्हणते नाही. हे घरी तपासता येते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाळींचे पाच स्टीलचे डबे तिरप्या ओळीत ठेवा, प्रत्येक डबा त्याच्या पुढच्या डब्यापेक्षा पाच सेंटीमीटर मागे, लेबले समोर. कॅमेरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर बसवून मधल्या डब्यापासून एक मीटरवर ठेवा, तूरडाळीच्या अक्षरांवर फोकस करा आणि एफ २ ला तीन फोटो काढा, दर वेळी फोकस बिघडवून पुन्हा जुळवत. ५० मिमी लेन्सला एक मीटरवर एफ २ ला स्पष्ट दिसणारी खोली साधारण साडेचार सेंटीमीटरच असते, त्यामुळे चूक लपत नाही. तिन्हीत तूरडाळच रेखीव आली तर उत्तम. तिन्हीत मागची मूगडाळ रेखीव आली तर जुळणी बिघडली आहे. एकात पुढची चणाडाळ आणि दुसऱ्यात मागची मूगडाळ आली तर क्षमस्व, हात आपलाच. त्याआधी गच्चीवरून दूरची एखादी पाण्याची टाकी धरून, लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, नेल्यावर दोन्ही चित्रे बरोबर मिळतात का, तेही पाहा. तिथेच मिळत नसतील तर दोष लेन्सचा नसून कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता मोठी.

याच रोलच्या उरलेल्या फोटोंत मैत्रिणीच्या ग्लोचीही परीक्षा होऊन जाईल. दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर किंवा चादर, मागून ऊन, फिल्टर नाही, हूड आहे. एक फोटो एफ २ ला आणि एक एफ ८ ला. एफ २ साठी ऊन कलल्यावर, सावलीच्या कडेशी काढावा लागेल, कारण भर दुपारी १/१००० ही पुरणार नाही. एफ २ ला कडांभोवती मऊ प्रकाश आणि एफ ८ ला स्वच्छ कड आली, तर तो लेन्सचा स्वभाव. तो जपण्यासारखा आहे आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात. दोन्हीकडे सारखाच धूर असेल तर तो आजार. बाजारात ‘व्हिंटेज ग्लो’ म्हणून ज्या लेन्स खपवल्या जातात, त्यांतल्या कितीतरी निव्वळ मळलेल्या असतात.

आणि म्हणूनच जपानहून आत न जाणारी समिक्रॉन मागवण्याला माझा विरोध आहे. लेन्स म्हणून ती फार सुंदर आहे, यात शंका नाही. भिंगांची रचना आपल्याकडच्या लेन्सच्याच कुळातली, नळी पक्की, आणि चांगल्या अवस्थेतली मिळाली तर मध्यभागी आजही कोणत्याही लेन्सला लाजवणार नाही. पण तिचे वय साठीच्या आसपास किंवा त्याही पुढे गेले आहे. ती मधल्या काळात कोणत्या कपाटात होती, कोणी उघडली, कोणी पुसली, हे विकणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. जाहिरातीतला ‘स्वच्छ’ हा शब्द टॉर्च न लावता लिहिलेला असतो. वर सीमाशुल्क भरून ती बडोद्यात आल्यावर हेझ निघाली, तर परत पाठवण्याचा खटाटोप आपल्या माथी. आपल्या आतोबांची लेन्स म्हणजे ओळखीचा रोगी आहे : तिचा इतिहास आपल्याला माहीत आहे, तिचे गुणदोष दोन रोलमधून दिसले आहेत, आणि तिच्यावर उपचाराचा खर्च नव्या लेन्सच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी आहे. बाजारातली जुनी लेन्स म्हणजे दुसऱ्याचा रोगी. एक बरा करायच्या आधी दुसरा का घरी आणायचा? शिवाय दोन्ही समिक्रॉन, दोन्ही ५० मिमी, दोन्ही एकपदरी कोटिंगच्या. उन्हात दोघी सारख्याच डोळे मिचकावणार.

हाच विचार कोणी स्क्रूच्या आट्याच्या जुन्या कॅनन किंवा रशियन ज्युपिटर लेन्स स्वस्तात सुचवल्या तरी लागू ठेवा. एक मिलिमीटर जाडीच्या रिंगेने त्या एम थ्रीवर बसतात हे खरे. पण ज्युपिटर-८ सारख्या लेन्सचा फोकसचा हिशोब लायकाच्या हिशोबाशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे लांबचे ठीक येते आणि जवळचे, ॲपर्चर उघडे असताना, चुकते. आपल्याला घरची माणसे टिपायची आहेत, म्हणजे जवळचेच.

समजा टॉर्चखाली निकाल वाईट लागला, किंवा समिक्रॉन बरी होऊनही उन्हासाठी आणि नवरात्राच्या रात्रींसाठी दुसरी लेन्स हवीच असे वाटले, तर नवी घ्या. माझी निवड झाइसची ५० मिमी एफ २ प्लॅनार. २००४ मध्ये जाहीर झालेल्या झाइसच्या एम लेन्सच्या मालिकेतली ही लेन्स जपानमध्ये कोसिना बनवते. ६ भिंगे, ४ गट, म्हणजे आठच पृष्ठभाग, वर बहुपदरी कोटिंग. सूर्य काठाशी असला तरी ती सावल्या काळ्या ठेवते. उत्तरायणाच्या फोटोंसाठी याहून अधिक काही लागत नाही. ती ०.७ मीटरपर्यंत जवळ येते. मात्र सुरुवातीच्या काळातल्या एम थ्रीचा रेंजफाइंडर एक मीटरच्या आत साथ देत नाही, तेव्हा रिंग फिरवताना खिडकीतले चित्र शेवटपर्यंत हलते का ते पाहून घ्या. हलायचे थांबले, तर त्या पुढचे अंतर अंदाजाने.

फोइग्टलेंडरची ५० मिमी एफ १.५ नॉक्टन भाच्याच्या मनात असेल. तीही उत्तम आहे, आणि खरे सांगायचे तर एम थ्री हा मोठ्या ॲपर्चरच्या लेन्ससाठी सर्वांत योग्य रेंजफाइंडर आहे : खिडकीतले चित्र प्रत्यक्षाच्या ०.९१ पट, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते आणि फोकस जुळवणाऱ्या दोन खिडक्यांमधले अंतर इतके मोठे की चूक कमी होते. पण एफ २ आणि एफ १.५ मध्ये एका स्टॉपपेक्षाही कमी फरक आहे. गरब्याच्या मैदानावर ४०० चा रोल १६०० ला ताणला, म्हणजे डेव्हलपिंग वाढवून घेतले, तर दिव्यांखाली एफ २ ला १/६० मिळून जाते. फिरत्या गरब्यात एक मीटरवरून एफ १.५ च्या साडेतीन सेंटीमीटर खोलीत चेहरा पकडणे हा जुगार आहे. अर्थात घेराच्या आतल्या कडेला एक ठिकाण धरून, तीन मीटरवर आधीच फोकस करून, माणूस तिथे येण्याची वाट पाहणे, हा रेंजफाइंडरचा खरा उपाय. चौकटीबाहेरून येणारी व्यक्ती खिडकीत आधीच दिसते, हा या कॅमेऱ्याचा मोठा फायदा आहे. तो कोणत्याही ५० मिमी लेन्सने मिळतो.

‘नवी’ म्हणजे स्वभावानेही नवी, असे मात्र समजू नका. झाइसचीच ५० मिमी एफ १.५ सी सोनार ही १९३० च्या दशकातल्या रचनेवर मुद्दाम बेतलेली आहे, आणि ॲपर्चर बंद करत गेले की तिचा फोकस थोडा सरकतो. फोइग्टलेंडर काही लेन्स एकपदरी आणि बहुपदरी अशा दोन्ही कोटिंगमध्ये विकते, कारण जुनी छटा हवी असणारे ग्राहक आहेत. मैत्रिणीला हे सांगा, तिला आवडेल. चिनी कंपन्यांच्या स्वस्त एम लेन्सही आता मिळतात आणि काही चांगल्याही आहेत. पण त्यांतली कोणतीही घेतली तरी डाळींच्या डब्यांची परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्या.

३५ मिमीचे उत्तर छोटे आहे. एम थ्रीच्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ याच चौकटी आहेत, ३५ ची नाही. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एम टूमध्ये आली. ३५ मिमी लावायची तर वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवून एकात फोकस आणि दुसऱ्यात चौकट असा दुहेरी कारभार करावा लागतो, नाहीतर लायट्झने, म्हणजे लायका बनवणाऱ्या कंपनीने, एम थ्रीसाठी काढलेली, खिडक्यांसमोर चष्म्यासारख्या काचा येणारी जुनी ३५ शोधावी लागते. त्या वाटेला जाऊ नका. वाड्याच्या अरुंद चौकात ५० मिमीने सगळे मावत नाही, हे मान्य; दोन पावले जिन्यावर चढून पाहा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९४८ मध्ये बडोद्याला आले आणि त्यांनी इथल्या राजघराण्याच्या सोहळ्याचे फोटो काढले, तेव्हा एम थ्री जन्मालाही आला नव्हता. आणि आयुष्यभर त्यांचे बहुतेक काम ५० मिमीवरच झाले.

कृष्णधवलच करायचे आहे, म्हणून एक गोष्ट समिक्रॉनच्या बाजूने आणखी सांगतो. एकपदरी कोटिंगची निरोगी जुनी लेन्स सावल्यांमध्ये थोडासा प्रकाश सांडते, आणि भर दुपारच्या आपल्या कडक उन्हात, सूर्य पाठीशी असताना, हे वरदान ठरते : ओसरीच्या अंधारातला चेहराही निगेटिव्हवर उमटतो आणि भिंतीचा पांढरा चुनाही फुटत नाही. प्रिंट थोडी मऊ वाटली तर एक ग्रेड कडक, म्हणजे जास्त काँट्रास्टचा, कागद घेतला किंवा स्कॅनमध्ये काँट्रास्ट वाढवला की झाले. नवी लेन्स हेच दृश्य अधिक ठसठशीत देते, पण कोपऱ्यातला अंधार अंधारच ठेवते. आपल्याला आवडलेले चौकातले फोटो या कारणानेही आवडले असावेत. म्हणून लेन्स विकू नका, अगदी नवी घेतली तरी.

बरी झालेली लेन्स पुन्हा आजारी पडू नये, याची काळजी मात्र घ्यावीच लागेल. आषाढापासून भाद्रपदापर्यंत बडोद्याची हवा किती दमट असते, ते कपाटातल्या रेशमी साड्यांना विचारा. हवाबंद झाकणाचा, रबराची कड असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, आधी हिंग किंवा लोणचे ठेवलेला नको, आणि त्यात सिलिका जेलची पुडी व एक छोटे आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलू लागले की मंद आचेवर तव्यावर परतून कोरडे करून घ्यायचे, स्वयंपाकाचा नव्हे अशा तव्यावर. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीशी थोडा वेळ वापरा. बंद डब्यात वर्षभर पडलेल्या लेन्सपेक्षा हाताळली जाणारी लेन्स अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे.

आणि ते चामड्याचे कव्हर आतोबांची आठवण म्हणून अवश्य जपा, पण कॅमेरा त्यात ठेवू नका. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशी तिथून लेन्सकडे जाऊ शकते. कव्हर दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, कडुनिंबाच्या पाल्यात; कॅमेरा डब्यात. फिल्टर सुटला की टॉर्चखाली काय दिसले, ते कळवा.